‘बास फिशिंग कॉम्बो’ मागवताय? आधी रॉडवरचे आकडे वाचून घ्या

मोबाइलवर ‘फिशिंग रॉड’ एवढंच टाकलं तरी शेकड्यानं कॉम्बो समोर येतात. रॉड, रील, दोरी, डबाभर प्लास्टिकचे मासे नि बेडूक, वर पिशवी फुकट. नावात कुठंतरी ‘बास’ असतंच. वाई, कराड, पलूस, मिरज, कुठंही सुट्टीच्या दिवशी नदीकाठाला गेलात तर असा संच घेतलेला एखादा पोरगा दिसतो, आणि बहुतेक वेळा तो मान खाली घालून गुंता सोडवत बसलेला असतो. त्याच्या हाताला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याला मिळालेला रॉड एका कामाचा असतो, रील दुसऱ्याच कामाचं आणि दोरी कुठल्याच कामाची नसते.

रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते. साधारण अशी: लांबी सात फूट, पॉवर ‘एमएच’, ॲक्शन ‘एफ’, लाइन १० ते २० पौंड, लुअर पाव ते एक औंस. रीलवर वेगळीच भाषा: ४०००, ५.२:१, १२+१ बीबी. कॉम्बो विकणारा यातलं काही समजावत नाही आणि घेणारा विचारत नाही. खरं तर रॉड, रील आणि दोरी एकमेकांना जुळतात का, हे सांगणारं सगळं त्या दोन ओळींतच असतं.

हा बास कोण, आणि त्याचं इथं काय काम?

लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. गवतात, बुडालेल्या खोडाआड दबा धरून बसायचं आणि समोरून काही हललं की झडप घालायची, ही त्याची पद्धत. एरवी किलो-दोन किलोचा. जगातला विक्रम २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या वर. अमेरिकेतल्या जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी तो १९३२ साली धरला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली.

अमेरिकेत १९६७ साली रे स्कॉट यांनी बास धरण्याची मोठी स्पर्धा भरवली आणि पुढं त्या स्पर्धांचा धंदाच झाला. स्पर्धेत वेळ मोजून मिळतो. एक आमिष सोडून दुसरं बांधण्यात मिनिटं घालवण्यापेक्षा नावेवर सात-आठ रॉड तयार ठेवायचे, प्रत्येकाचं काम ठरलेलं, प्रत्येकावर त्याच कामाचं रील आणि तीच दोरी. ‘जुळवलेला संच’ हा प्रकार बाजारात भरभराटीला आला तो या स्पर्धांमुळं. आपण मागवतो तो कॉम्बो म्हणजे त्याचीच स्वस्तातली नक्कल. फक्त जुळवणी तेवढी गळालेली असते.

कृष्णा-कोयनेत बास नाही. तरी हे सगळं आपल्याला लागू पडतं, कारण आपल्याकडं मरळ आहे.

मरळीची शिकारीची रीत बासच्या अगदी जवळची. जलपर्णीखाली, कमळवेलीत, लव्हाळ्याच्या कडेला ती दबून असते. हवेतला श्वास घ्यायला मधूनमधून वर येते, तेव्हा पाण्यावर एक छोटी उकळी फुटल्यासारखी दिसते. रबरी बेडूक जलपर्णीवरून ओढत नेला की ती खालून पानं फाडून वर येते. बाससाठी बनवलेला बेडूक मरळीला चालतो तो यामुळंच. फरक तोंडाचा. मरळीचा जबडा हाडाचा आणि दातेरी. गळ त्यात रुतवायला बासपेक्षा जास्त जोर लागतो.

राहू, कटला, मृगळ हे वेगळं प्रकरण. ते कणकेच्या गोळ्याला येतात, प्लास्टिकच्या माशाला सहसा बघत नाहीत. चिलापी तर गांडुळावर येणारी पाव-अर्ध्या किलोची. तेव्हा संच घेण्याआधी पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: कुठला मासा, आणि कुठल्या पाण्यात? रंग, किंमत, डिस्काउंट नंतर.

पॉवर आणि ॲक्शन: ताकद निराळी, वाक निराळा

या दोन शब्दांत जाणती माणसंही घोळ घालतात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी असे चढते टप्पे. ‘एमएच’ म्हणजे मीडियम हेवी. ॲक्शन म्हणजे रॉड कुठं वाकतो ते. ‘फास्ट’ (छापलेला ‘एफ’ तो हाच) रॉड फक्त शेंड्याकडं वाकतो, खालचा भाग ताठ राहतो. ‘मॉडरेट’ रॉड मधोमध कमानीसारखा वाकतो. ‘स्लो’ तर मुठीपर्यंत.

दुकानात असाल तर रॉड आडवा धरा, शेंड्याच्या कडीला (जिच्यातून दोरी ओवतात ती) दोरी बांधून खाली अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली लटकवा. शेंडा किती खाली गेला यावरून ताकद कळेल, वाक कुठं सुरू झाला यावरून ॲक्शन. दोन रॉड शेजारी धरून ही परीक्षा घेतली की कुठलाही व्हिडिओ बघायची गरज उरत नाही. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या.

यातून काय साधतं? फास्ट रॉडनं झटका दिला की जोर थेट गळापर्यंत पोचतो. मरळीच्या हाडाच्या जबड्याला हेच हवं. राहूचे ओठ मऊ आणि मांसल असतात. ताठ रॉडनं झटका दिला तर गळ ओठ फाडून मोकळा येतो. तिथं कमानीत वाकणारा, माशाचे हिसके अंगावर घेणारा मॉडरेट रॉड लागतो. म्हणजे मरळीचा उत्तम रॉड राहूला वाईट, आणि उलटही तितकंच खरं. ‘ऑल इन वन’ असं छापून विकणाऱ्याला हे एवढंच सांगावं.

लांबीबद्दल थोडक्यात: साडेसहा ते सात फूट, म्हणजे दोन मीटरच्या आसपास, ही लांबी काठावरून बऱ्याच कामांना पुरते. झाडीत उभं राहायचं असेल तर आखूड बरा, धरणाच्या उघड्या काठावर कणकेचा गोळा लांब टाकायचा असेल तर आठ-नऊ फुटी. टेलिस्कोपिक रॉड, म्हणजे एकातून एक निघणारा, मोटारसायकलच्या डिकीत मावतो म्हणून आपल्याकडं फार खपतो. त्याच्या नळ्या वाळूनं अडकतात, जोडांपाशी वाक एकसारखा येत नाही आणि कड्याही कमी असतात. दोन तुकड्यांचा रॉड घ्या. सात फुटीचे साडेतीन-साडेतीन फुटांचे तुकडे होतात आणि ते एसटीतही कुणाच्या डोळ्यात जात नाहीत.

औंस आणि पौंड

रॉडवर ‘लुअर पाव ते पाऊण औंस’ असं लिहिलेलं असतं. लुअर म्हणजे खोटं आमिष: रबराचं, लाकडाचं, पत्र्याचं. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. पाव औंस ७ ग्रॅम, अर्धा औंस १४ ग्रॅम, पाऊण औंस २१ ग्रॅम. रॉड लांब फेकतो ते आपल्या दंडाच्या जोरावर कमी आणि स्वतःच्या वाकण्यावर जास्त. मागं नेताना आमिषाच्या वजनानं तो वाकतो आणि पुढं सरळ होताना आमिष भिरकावतो. वजन ठरलेल्या मापापेक्षा कमी असेल तर रॉड वाकतच नाही, मग माणूस खांद्यातून जोर लावतो आणि आमिष दहा पावलांवर पडतं. वजन जास्त असेल तर फेकतानाच रॉड मोडायची भीती.

आता कॉम्बोचा डबा उघडून बघा. रॉड ‘एमएच’, पाव ते एक औंसाचा. डब्यातले प्लास्टिकचे मासे मात्र बहुतेक तीन-चार ग्रॅमचे. फेकणार कसे?

पौंडाचा आकडा दोरीसाठी. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. ‘१० ते २० पौंड’ म्हणजे साडेचार ते नऊ किलोंच्या जोराला तुटणारी दोरी या रॉडला वापरा. याचा अर्थ रॉडनं नऊ किलोंचा मासा उचलता येतो, असा मुळीच होत नाही. दोन किलोंचा मासा रॉडनंच हवेत उचलून काठावर घ्यायला जाल तर चांगला रॉडही शेंड्यापाशी कट्‌दिशी मोडेल. मासा पायाशी आला आणि रॉड डोक्याच्या मागं गेला की सगळा भार शेंड्याच्या वीतभर भागावर येतो. रॉड मोडल्याच्या बहुतेक तक्रारी या एका सवयीच्या असतात. हातजाळी जवळ ठेवावी, किंवा मासा उताराच्या काठावर ओढून घ्यावा.

दोरीचा हिशोब

तंगूस आपल्या ओळखीची. नायलॉन १९३५ साली ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांनी बनवलं, आणि त्याचा एकपदरी धागा म्हणजे आपली तंगूस. ती ताणली की लांबते. हा तिचा दोष आणि हाच तिचा गुण. माशाचा हिसका ती सोसते, पण लांबवर लागलेल्या माशाला झटका पोचवताना निम्मा जोर तिच्या लांबण्यातच जातो.

ब्रेड म्हणजे बारीक पॉलिथिलीनच्या धाग्यांची विणलेली दोरी. ती जवळजवळ लांबतच नाही, पाण्यावर तरंगते आणि त्याच जाडीला तंगुसापेक्षा कितीतरी मजबूत असते. ब्रेडच्या रिळावर दोन आकडे दिसतात, उदाहरणार्थ ३० आणि ८. म्हणजे तुटायला ३० पौंड, जाडीला ८ पौंडी तंगुसाएवढी. रीलमध्ये किती मावेल ते दुसऱ्या आकड्यावरून ठरवायचं. नव्या रीलवर ब्रेड भरताना आधी तंगुसाचे थोडे वेढे घ्या, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर (रीलमधल्या दोरी गुंडाळायच्या फिरकीवर) सगळी दोरी जागच्या जागी घसरत फिरते आणि माणसाला वाटतं रील बिघडलं.

तिसरी फ्लुरोकार्बन. पाण्यात बुडते, कमी दिसते, महाग असते. पावसाळ्यानंतरच्या गढूळ कृष्णेत तिच्यावर पैसे घालवू नका. हिवाळ्यात धरणाच्या निवळशंख पाण्यात पुढचा हातभर तुकडा तेवढा तिचा जोडला तरी पुष्कळ.

मग सरळ जाड दोरीच घेतली तर?

हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याच्या उत्तरातच जुळवणीचं मर्म आहे. मासा ओढतो तेव्हा काय आधी हार मानणार, याचा क्रम आपण ठरवून ठेवायचा असतो. पहिल्यांदा रीलचा ड्रॅग सुटला पाहिजे. ड्रॅग म्हणजे रीलमधला असा ब्रेक, जो ठरावीक जोरापलीकडं ओढ आली की आपणहून घसरतो आणि दोरी सोडतो. तो कमी पडला तर दोरी तुटावी. रॉड मात्र कधीच मोडू नये.

मीडियम रॉडवर ५० पौंडी ब्रेड भरली आणि ड्रॅग आवळून ठेवला की हा क्रम उलटा होतो. दोरी २२ किलोंशिवाय तुटणार नाही, ड्रॅग सुटणार नाही, मग मोडायला रॉडच उरला. गळ तळाच्या दगडात अडकला आणि माणूस इरेला पेटला तरीही हेच घडतं. (अडकलेला गळ सोडवताना रॉड वाकवायचा नाही. रॉड दोरीच्या रेषेत सरळ धरायचा, स्पूल दाबायचा आणि मागं चालत जायचं. ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापतं.)

ड्रॅग किती ठेवायचा? तंगुसाच्या ताकदीच्या पाव हिश्शाएवढा. १२ पौंडी तंगूस म्हणजे साधारण ५.४ किलो, त्याचा चौथा हिस्सा १.३-१.४ किलो. बॅगा मोजायचा हुकाचा काटा घरात असतो, तो दोरीच्या टोकाला बांधा, रॉड नेहमीसारखा तिरका धरा आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांगा. काटा १.३-१.४ किलो दाखवतो तेव्हा रील किरकिरत दोरी सोडायला लागलं पाहिजे. हाताच्या अंदाजानं ड्रॅग लावणारे बहुतेक जण तो फार घट्ट लावतात. ब्रेडला हा पाव हिश्शाचा हिशोब डोळे झाकून लावू नका. तिथं रॉडला किती सोसतं ते बघून ड्रॅग ठेवायचा.

रील: गिअरचा आकडा आणि बेअरिंगचा भुलावा

रीलवरचा ५.२:१ हा आकडा वाचायला सायकल चालवलेल्या माणसाला अवघड जाऊ नये. पायडलाच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती वेळा फिरतं, तसंच हँडलच्या एका फेऱ्यात दोरी गुंडाळणारा भाग ५.२ वेळा फिरतो. आकडा मोठा तसा वेग जास्त आणि ओढायची ताकद कमी. चढाला आपण कुठला गिअर टाकतो ते आठवा. गंमत म्हणजे १९२१ साली जपानच्या साकाई शहरात सायकलीच्या फ्रीव्हीलवर सुरू झालेली शिमानो कंपनी १९७० पासून मासेमारीच्या सामानातही आली. दोन्हीकडं दातेच तर जुळवायचे!

नुसत्या आकड्यावर मात्र जाऊ नका, स्पूलची जाडीही बघा. साडेचार सेंटिमीटर व्यासाचा भरलेला स्पूल घेतला तर त्याचा घेर होतो १४ सेंटिमीटर. ५.२ नं गुणा, हँडलच्या एका फेऱ्यात ७३ सेंटिमीटर दोरी येते. तोच गिअर आणि सव्वापाच सेंटिमीटरचा स्पूल असेल तर ८६. आणि स्पूल अर्धाच भरलेला असेल तर दोन्हीकडं कमी. काही जण पैसे वाचवायला अर्धी दोरी भरतात. त्यांचा फेकाही आखूड पडतो, कारण दोरी स्पूलच्या कडेला घासत बाहेर येते. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर सोडून पूर्ण भरा.

१०००, २५००, ४००० हे स्पिनिंग रीलच्या आकाराचे आकडे. चिलापीला १००० किंवा २०००, एरवीच्या कामाला २५०० ते ३०००, जाड दोरीला ४०००. वेगवेगळ्या कंपन्यांचं २५०० तंतोतंत सारखं नसतं, म्हणून खाली छापलेली दोरीची क्षमता वाचावी. ‘१२+१ बीबी’ म्हणजे आत तेरा बेअरिंग. हा सर्वात फसवा आकडा. तेरा हलक्या बेअरिंगपेक्षा चार चांगली बरी. हँडल पुढं-मागं हलवून खुळखुळतं का, फिरवताना कुठं अडखळतं का, एवढं बघा. आकड्यापेक्षा ते जास्त सांगतं.

रीलचे दोन वंश आहेत. स्पिनिंग रील रॉडच्या खाली लटकतं आणि त्याचा स्पूल फेकताना फिरत नाही. बेटकास्टर रॉडच्या वर बसतं आणि त्याचा स्पूल फेकताना गरगर फिरतो. आमिष पाण्यात पडून थांबलं आणि स्पूल फिरतच राहिला की आत दोरीचं असं जंजाळ होतं की शेवटी कात्रीच काढावी लागते. ते टाळायला अंगठा स्पूलवर हलका टेकवून ठेवायचा आणि आमिष पाण्याला लागायच्या क्षणी दाबायचा. हे सरावानंच येतं. सात ग्रॅमच्या खालची आमिषं बहुतेक बेटकास्टरना नीट फेकता येत नाहीत. नवशिक्यानं स्पिनिंगनंच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जलपर्णीतून मरळ ओढायला बेटकास्टर दणकट पडतं यात वाद नाही, पण ती पुढची गोष्ट.

एक चूक मात्र घेतानाच टाळा. दोन्हींचे रॉड वेगळे असतात. स्पिनिंगच्या रॉडची पहिली कडी मोठी असते, बेटकास्टरच्या रॉडच्या कड्या लहान असतात आणि मुठीखाली बोट अडकवायला हुकासारखा भाग असतो. स्वस्तात मिळालं म्हणून बेटकास्टरच्या रॉडखाली स्पिनिंग रील टांगलेले मी पुष्कळ पाहिलेत. स्पिनिंगमधून दोरी मोठमोठे वेढे घेत सुटते आणि त्या इवल्याशा कडीवर आपटून तिथंच निम्मा फेका संपतो.

आजोबा बांबूच्या काठीनं धरायचेच की!

धरायचे, आणि आजही धरता येतात. बांबूची काठी, काठीएवढीच तंगूस, बूच आणि गांडूळ. चिलापीसाठी याहून चांगला संच नाही, आणि लहान पोराला शिकवायचं तर मी हाच देईन. त्या संचात जुळवणी आपोआप होते: फेका काठीच्या लांबीएवढाच, मासा लहान, रील नाहीच. लांब फेकायची वेळ आली आणि काठीवर रील चढलं, की आकड्यांकडं बघावं लागतं.

तर घ्यायचं काय?

स्पर्धावाल्यांचे सात-आठ रॉड विसरा. दोन संच पुरतात, आणि सुरुवातीला एकच.

पहिला: सात फुटी, मीडियम, मॉडरेट किंवा मॉडरेट-फास्ट स्पिनिंग रॉड, ८ ते १४ पौंडांचा. त्यावर ३००० चं रील, गिअर पाचच्या आसपास, १० किंवा १२ पौंडी तंगूस. यावर कणकेचा गोळा टाकून राहू-मृगळ होतात, वाम होते, पत्र्याचा छोटा चमचा (चमच्याच्या आकाराचं आमिष) फेकून शिकारी मासेही बघता येतात.

दुसरा फक्त मरळीसाठी: सात फुटी, मीडियम हेवी किंवा हेवी, फास्ट. ४० पौंडी ब्रेड. ४००० चं स्पिनिंग किंवा हात बसला असेल तर सातच्या वरच्या गिअरचं बेटकास्टर. आमिष दहा ते पंधरा ग्रॅमचा रबरी बेडूक. इथं ब्रेडचा आकडा रॉडवर छापलेल्या आकड्यापेक्षा मोठा दिसेल, कारण रॉडवरचा आकडा बहुधा तंगूस धरून दिलेला असतो. जलपर्णीचा अर्धा किलो गुंडाळा मरळीसोबत ओढून आणायचा असतो म्हणून जाड दोरी लागते, मासा मोठा आहे म्हणून नव्हे. रॉडला सोसेल तेवढाच ड्रॅग ठेवला की मघाचा क्रम इथंही टिकतो. पाण्यात लालसर पिलांचा घोळका दिसला तर मात्र तिथं बेडूक टाकू नका. खाली मरळीची जोडी राखण करत असते आणि ती दिसेल त्यावर धावते. तिला उचललं की पिलं गेलीच.

खर्च वाटताना रॉड आणि दोरीवर हात सैल सोडा, रीलवर आवरा. ताब्यात घेताना कड्यांमधून कापसाचा बोळा फिरवा. धागे अडकले तर कडीला चीर आहे, ती दोरी कापत राहील. रील बसवून त्याच्या जरा पुढं एका बोटावर रॉड तोला. शेंडा एकदम खाली पडत असेल तर दिवसभरात मनगट धरणार.

काठावरच्या दोन गोष्टी, ज्या कॉम्बोच्या डब्यावर लिहिलेल्या नसतात

पुष्कळ नवे रॉड कार्बनचे असतात, आणि कार्बनमधून वीज वाहते. कृष्णाकाठी उपशाच्या मोटारींसाठी तारा जागोजागी खाली आलेल्या असतात. सात फुटी रॉड खांद्यावर उभा धरून मळईतून चालणारा माणूस आणि लोंबती तार यांत किती अंतर उरतं ते एकदा बघा. चालताना रॉडचे तुकडे वेगळे करा, तारेखाली फेका टाकू नका, वीज कडाडायला लागली की रॉड खाली ठेवून बाजूला व्हा.

दुसरी गोष्ट सांगलीकरांना सांगायची गरज नाही. पलूस-मिरजेच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. पाण्यात पाय सोडून बसणं, कातरवेळी कडेला मासे साफ करणं, गुडघाभर पाण्यात उतरून अडकलेला गळ काढणं, हे तिथं चालत नाही. गळ दहा-वीस रुपयांचा असतो.

परवानगीचंही बघा. धरणांचे नि तलावांचे मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडं ठेक्यानं असतात, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. त्यांनी बोटुकली सोडलेली असतात, त्यांचं पोट त्यावर आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर रॉड नेऊच नका.

इथंच बास आणून सोडले तर?

अधूनमधून कुणीतरी हौशी हे विचारतोच. जपाननं हे करून पाहिलंय. १९२५ साली आशी सरोवरात बास सोडले, पुढं ते देशभर पसरले आणि तळ्यातळ्यांतले देशी लहान मासे संपवायला लागले. २००५ पासून तिथं बास परदेशी उपद्रवी प्राण्यांच्या यादीत आहे. जिवंत बाळगायला आणि नव्या पाण्यात सोडायला बंदी आहे. आपल्याकडं १९५२ मध्ये देशात आणलेली चिलापी आज कुठल्या ओढ्यात नाही ते सांगा. तिच्या भरीला आणखी एक नको. बासचे रॉड आले तेवढे पुरेत.

घरी आल्यावर रॉड ओल्या फडक्यानं पुसा, कडेला कापलेली तंगूस खिशातून काढून कचऱ्यात टाका (काठावर टाकली की बगळ्यांच्या पायात अडकते), आणि रीलचा ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेला राहिला तर आतल्या चकत्या दबतात आणि पुढच्या वेळी तो अडखळत सुटतो. निघताना हुकाच्या काट्यानं तो पुन्हा लावायचा.